अर्ध्यावर राहिलेलं औक्षण

आमच्या वारज्यात निवडणूक लागली की उमेदवार दोन ठिकाणी टोपी सरळ करून जातो. एक मारुतीच्या देवळात आणि दुसरं विजयमालाकाकींच्या दारात. मारुती काही बोलत नाही, म्हणून तिथे तो जरा जास्त वेळ थांबतो.

काकींचं घर गावठाणात, देवळाला लागून. पदयात्रा देवळापासून निघते आणि पहिलं औक्षण काकींचं, हा इथला रिवाज. मग पक्ष कुठलाही असो. बाकीच्या दारांत औक्षण म्हणजे फोटो असतो. बाई ताट हलवते, उमेदवार कॅमेऱ्याकडे बघून हात जोडतो आणि गर्दी पुढच्या दारात सरकते. काकींकडे तसं चालत नाही. पाट मांडलेला असतो, त्यावर उभं राहायचं, डोक्यावर टोपी नाहीतर रुमाल हवा. कुंकू लागतं, अंगठी-सुपारीने ओवाळलं जातं आणि मग निरांजन फिरायला लागलं की काकी बोलायला लागतात. उमेदवाराने पाच वर्षांत काय केलं, काय केलं नाही आणि काय केलं नसतं तर बरं झालं असतं, हे सगळं. ज्याला ओवाळतात त्याने मध्ये तोंड उघडायचं नाही आणि पाटावरून हलायचं नाही. ‘दिवा फिरतोय तवर मी बोलनार. दिवा थांबला की अक्षता. मग तुमी मोकळे,’ असा त्यांचा कायदा आहे. शेवटी डोक्यावर अक्षता आणि तोंडात साखर. ती मात्र सगळ्यांना सारखीच.

गेल्या खेपेला दत्तप्रसाद उभे होते. तेव्हाचे आमचे नगरसेवक, भारदस्त माणूस. काकी दिवा फिरवत म्हणाल्या, ‘‘दत्तप्रसाद, तुजं उद्यान लई झाक झालंय बग. कुलूप बी झाक हाय. चावी कुनाकडं हाय, तेवढं निवडून आल्यावर सांग.’’ लोक खो खो हसले. दत्तप्रसादही हसले, त्यांनी मान वाकवून अक्षता घेतल्या, साखर खाल्ली आणि पुढे गेले. आठवड्याभरात उद्यान उघडलं. मी रोज सकाळी तिथे फिरायला जातो. श्रेय अर्थातच दत्तप्रसादांच्या फलकाला आहे.

मी मूळचा शहरातला, मंडईमागच्या गल्लीत वाढलेला. आमच्याकडे कुणाला टोमणा मारायचा तर दारावर पाटी लावतात आणि आत जाऊन झोपतात. समोर उभं राहून, हातात दिवा घेऊन, वर अक्षता टाकून टोमणा मारणारं माणूस मी वारज्याला राहायला आल्यावर पहिल्यांदा पाहिलं आणि पाहताक्षणी आवडलं. मी जन्मभर विम्याच्या कचेरीत नोकरी केली, पण काकी मला ‘मास्तर’ म्हणतात. चष्मा लावणारा प्रत्येक माणूस त्यांच्या हिशेबी मास्तर असतो. आमची सोसायटी त्यांच्याच घरच्या ज्वारीच्या रानावर उभी आहे, गेट थेट त्यांच्या भिंतीसमोर. सोसायटीचं नाव बिल्डरने काहीतरी इटालियन ठेवलंय. काकी तिला अजून ‘वरचं रान’ म्हणतात. ‘काय मास्तर, वरच्या रानात लिफ्ट चालू झाली का?’ असं त्या विचारतात तेव्हा मला आपण बेकायदा पेरणी केल्यासारखं वाटतं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. काकी विधवा आहेत. आपल्याकडे विधवा ओवाळत नाहीत, म्हणजे त्यांना ओवाळू देत नाहीत. मग गावातलं पहिलं औक्षण त्यांच्या हाती कसं आलं?

ही हकिगत त्यांनीच मला सांगितली, ओट्यावर पावटा सोलता सोलता. यजमान गेनबा गेले तेव्हा काकी तिशीच्या आसपास होत्या. स्वतःला मूल नव्हतं. थोरल्या जावेने एक मुलगा मागे ठेवून डोळे मिटले होते, त्याला काकींनीच वाढवलं होतं. तो विश्वजीत. गेनबा गेले आणि पुढच्याच महिन्यात दिवाळी आली. पहिल्या आंघोळीच्या पहाटे पोराला तेल-उटणं लावून, कढत पाणी घालून पाटावर बसवलं आणि ओवाळायला भावकीतल्या बायका ताट घेऊन आल्या. काकी आत चुलीपाशी होत्या. त्यांनी बाहेर यायचं नव्हतं.

पोराने ताट परत पाठवलं. ‘‘न्हाय. काकीच पायजे.’’

बायकांनी समजावलं, दटावलं. बायडाबाई म्हणजे भावकीतली चुलत जाऊ, वयाने मोठी, तिने तर कान धरला. पोरगं ओल्या अंगाने पाटाला चिकटून बसलं. पंचा गार पडला, दात वाजायला लागले, उजाडलं, तरी हलेना. शेवटी काकींचे सासरे उठले. फार कडक माणूस. सगळ्यांना वाटलं, आता पोराच्या पाठीत बसणार. ते चुलीकडे तोंड करून म्हणाले, ‘‘माले, ताट आन. पोर गारठलं.’’

एवढंच. काकींनी ताट आणलं. त्यानंतर घरात काही बोलणं झालं नाही, पण दर सणाला पोरगं काकींच्या हातूनच ओवाळून घ्यायला लागलं. मग त्याचे मित्र यायला लागले, परीक्षेला जाणारी पोरं, भरतीला जाणारी पोरं, आणि पुढे कधीतरी निवडणुकीचे उमेदवार. ‘‘त्या पोरानं माज्या हातात ताट दिलं मास्तर,’’ काकी म्हणाल्या, ‘‘न्हायतर मी आज बी चुलीपाशीच असती.’’ आणि पावट्याच्या टपोऱ्या शेंगा माझ्या पुढ्यात सरकवून म्हणाल्या, ‘‘सोला की. निस्तं ऐकताय काय?’’

यंदा त्याच विश्वजीतला तिकीट मिळालं, दत्तप्रसादांच्या विरोधात.

काकींना किती आनंद झाला हे मी पाहिलंय. फॉर्म भरायला निघाला त्या दिवशी त्यांनी त्याला ओवाळलं आणि जन्मात पहिल्यांदा दिवा फिरवताना एक शब्द बोलल्या नाहीत. मी म्हटलं, ‘‘काकी, आज गप्प?’’ तर म्हणाल्या, ‘‘अजून त्यानं काय केलंय?’’

त्यानंतर त्याने बरंच काही केलं. तसा तो वाईट मुलगा नाही. हसरा आहे, कामाचा आहे, रात्री-अपरात्री दवाखान्यात धावून जाणारा आहे. पण प्रचार ही एक चमत्कारिक साथ आहे, भल्या माणसाला जास्त लागते. तो आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये आला. पांढरा सदरा, शुद्ध मराठी. आमच्या चेअरमननी गेटसमोरच्या भाजीवाल्यांचं गाऱ्हाणं मांडलं. गाड्या वळत नाहीत, कचरा होतो, सोसायटीची शोभा जाते. विश्वजीत म्हणाला, ‘‘निवडून आल्यावर पहिलं काम. हा रस्ता पूर्ण मोकळा करून देतो. एकही टोपली दिसणार नाही.’’ टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांतले निम्मे लोक खाली उतरून त्याच टोपल्यांतून कोथिंबीर घेऊन घरी गेले, ती गोष्ट वेगळी.

त्या टोपल्यांतली पहिली टोपली शकूची. ती वाशीमकडची. नवऱ्याबरोबर आमच्याच इमारतीच्या बांधकामावर आली आणि काम संपल्यावर काकींच्या भिंतीलगत भाजी मांडून बसली. संध्याकाळी तिचे क्रेट काकींच्या पडवीत जातात. काकींशी तिचं नातं काय म्हणाल तर काही नाही. दोघी दुपारी एका ताटात जेवतात.

क्लबहाऊसमधून विश्वजीत थेट खाली उतरला, शकूच्या पाया पडल्यासारखं करून म्हणाला, ‘‘मावशे, घाबरू नको. हितंच तुला पक्का ओटा बांधून देतो.’’

माझी मुलगी अपेक्षा हिंजवडीला एका कंपनीत आहे. तिने वरचं भाषणही फोनवर घेतलं होतं आणि योगायोगाने खालचंही. दुसऱ्या दिवशी मेथी घेताना ती शकूला म्हणाली, ‘‘मावशी, हे सीरियसली बघा, कसला डबल गेम आहे!’’ काकी ओट्यावर होत्या. त्यांनी फोन मागून घेतला. वरचं ऐकलं, खालचं ऐकलं. परत वरचं लावायला सांगितलं. मग फोन परत देत म्हणाल्या, ‘‘आवाज त्याचाच हाय.’’

पदयात्रेच्या दिवशी गावठाणात पाय ठेवायला जागा नव्हती. ढोल होता, भोंगा होता, वर ड्रोन घोंघावत होता. विश्वजीत फेटा बांधून पाटावर उभा राहिला. काकींनी कुंकू लावलं, अंगठी-सुपारी ओवाळली आणि निरांजन उचललं. ढोल आपोआप थांबला. लोकांना ऐकायचं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

‘‘विश्वजीत,’’ काकी म्हणाल्या, ‘‘तुजा फोटू मी लई ठिकानी बगितला. पारावरच्या लिंबाला बी लावलाय, खिळं ठोकून. त्याच लिंबाखाली तू चालाय शिकला.’’

लोक हसले. विश्वजीतही हसला.

‘‘परवा रंगरावांच्या दहाव्याला आलास. चांगलं केलंस. पर कावळा शिवायच्या आत तू माइक घेतलास. कावळा बिचारा बसून ऱ्हायला.’’

हशा वाढला. विश्वजीतचं हसू जागच्या जागी थांबलं. मागे दत्तप्रसादांची पोरं फोन वर धरून उभी होती.

‘‘चोवीस तास पानी देतो म्हनतोस. दे बाबा. पर टँकर तुज्या मेव्हण्याचं हायेत. नळाला पानी आलं तर मेव्हण्याचं कसं व्हायचं, ते बी ठरवून ठिव.’’

आता कुणी हसलं, कुणी खाली बघितलं. विश्वजीतचे कान लाल झाले होते. दिवा फिरत होता. काकींचा आवाज उलट खाली आला, घरात बोलावं तसा.

‘‘अन् ही शकू. वरच्या रानात म्हनलास, येक टोपली ठेवनार न्हाय. हितं येऊन म्हनलास, ओटा बांधतो. दोनी तोंडं तुजीच. आता साखर मी कुंच्या तोंडाला लावू?’’

कुणीच हसलं नाही. विश्वजीतने तोंड उघडलं. ‘‘काकी, बास!’’ तो म्हणाला. ‘‘बाहेरचं बोलत्यात ते काय कमी हाय? घरातल्यानं तरी...’’ आणि पाटावरून खाली उतरून चालायला लागला.

कुणीतरी घोषणा दिली, भोंगा सुरू झाला, गर्दी त्याच्यामागे ओढली गेली. काकी ताट घेऊन उभ्या होत्या. निरांजन तेवत होतं, ताटात अक्षता तशाच होत्या आणि समोर मोकळा पाट होता.

राजकारणात या असल्या गोष्टीचा धूर व्हायला वेळ लागत नाही. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ गाणं लावून सगळ्या वारज्यात फिरला. दत्तप्रसादांचे दोन कार्यकर्ते काकींना सभेला बोलवायला आले. काकींनी त्यांना ओट्याखालूनच परत पाठवलं. ‘‘माज्या पोराला मी बोलले. तुमच्या मानसाला बोलायला तुमच्यात कुनी न्हाय का?’’

पण खरं दुखलं ते दुसरंच. भावकीत कुजबुज सुरू झाली. औक्षण अर्ध्यावर राहणं म्हणजे अपशकुन, हे इथे लहान पोरही सांगेल. बायडाबाई नळावर म्हणाली, ‘‘आमी तवाच सांगत हुतो. रांडवेच्या हातचं ताट. आता पोरगा पडला तर कुनाच्या नावानं रडायचं?’’ दुसऱ्या दिवसापासून विश्वजीतची पदयात्रा देवळामागच्या रस्त्याने निघायला लागली. भावकीत एक साखरपुडा होता, तिथे काकींना जेवायला बोलावलं, पण ओवाळायला कुणी हाक मारली नाही. मला राग आला. चांगला सणसणीत आला. चारपाच पाट्यांचा मजकूर मनात तयार झाला. पण ज्या दारावर त्या लावायच्या, ते दार काकींच्या घरचंच होतं.

मी त्यांच्याकडे गेलो तर त्या फडताळासमोर बसल्या होत्या. ताट वरच्या फळीवर होतं, त्या दिवशी होतं तसंच. कुंकू वाळलेलं, वात विझलेली.

‘‘घासायचं राहिलं का?’’ मी विचारलं.

‘‘अर्ध्या औक्षणाच्या अक्षता कुठं टाकत्यात मास्तर?’’ त्या म्हणाल्या. ‘‘पुरं झालं आसतं तर त्याच्या डोईवर गेल्या आसत्या. देवाला वाह्याच्या म्हनलं तर देवाच्या न्हाईत. पाखरांना घालायच्या तर त्याच्या नावच्या हायेत. मला तर ठावं न्हाय. तुमच्या पुस्तकात आसलं तर बगा.’’

माझ्या कुठल्याच पुस्तकात ते नव्हतं. मी देवाधर्माच्या बाबतीत कोरडा माणूस आहे. ‘हे सगळे मनाचे खेळ’ असं एक वाक्य मी एरवी खिशात बाळगतो, पण ते बाहेर काढायची मला लाज वाटली.

‘‘मी लई बोलले का वो?’’

खोटं बोलायला हवं होतं, पण काकींशी खोटं बोलायची सवय नाही. ‘‘चारचौघांत बोललात,’’ मी म्हणालो.

‘‘मतं बी चारचौघांतच मागतोय की.’’ त्यांनी लगेच उत्तर दिलं, आणि मग त्यांचा आवाज कापरा झाला. ‘‘चारचौघांतच त्यानं मला ताट दिलं हुतं मास्तर. चारचौघांतच ठेवाय लावलं. निवडून येवो का पडो. माजं काय, मी बसंन चुलीपाशी. पर त्याला अर्धा सोडला मी. त्याचं कसं व्हायचं?’’

शकू दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, ‘‘माय, मी उठते इथून. दुसरीकडं बसीन. तुमचं जुळू द्या.’’ काकींनी पदराने तोंड पुसलं आणि तिला असं काही झापलं की मला बरं वाटलं. निदान तो आवाज अजून शाबूत होता.

प्रचाराच्या शेवटच्या संध्याकाळी विश्वजीत पुन्हा आमच्या क्लबहाऊसमध्ये आला. चेहरा उतरलेला, आवाज बसलेला. चेअरमननी गोड हसून त्याला रस्त्याच्या वचनाची आठवण करून दिली. तो खुर्चीतून उठला. मग म्हणाला, ‘‘टोपल्या उठणार नाहीत. त्यांना ओटे बांधून देऊ, कचऱ्याची व्यवस्था लावू, गाड्यांना वळायला जागा ठेवू. पण ते लोक तिथेच राहतील.’’

‘‘अहो, मग परवा आपण वेगळं बोललात!’’ चेअरमन म्हणाले.

‘‘परवा तुम्हाला आवडेल ते बोललो.’’

टाळ्या पडल्या नाहीत. दोघे-तिघे उठून गेले. मागून कुणीतरी टँकरचं विचारलं, तेव्हा विश्वजीत म्हणाला, ‘‘त्याचं उत्तर माझ्याकडे आज नाही.’’ मी त्या दिवशी टाळी वाजवली नाही, पण मनात म्हटलं, हा मुलगा आज बहुतेक निवडणूक हरला आणि थोडासा माणसांत आला.

दुसऱ्या दिवशी संक्रांत होती. प्रचार थंडावलेला, मतदान त्याच्या दुसऱ्या दिवशी. भोंगे बंद झाल्यामुळे गावठाणात चिमण्या असल्याचं नव्याने कळत होतं. बायका काठापदराची लुगडी नेसून वाण घेऊन देवळाकडे चालल्या होत्या. काकी आपल्या ओट्यावर कडेला बसल्या होत्या. संक्रांतीचं हळदीकुंकू त्यांच्या वाट्याचं नव्हतंच. मी तिळगूळ द्यायला गेलो होतो. शकूने गाजर, हरभरा, बोरं मांडली होती.

विश्वजीत गल्लीतून चालत आला. गाडी नाही, माणसं नाहीत, गळ्यात उपरणं नाही. तो काकींशी काही बोलला नाही. सरळ आत गेला, भिंतीला टेकवलेला पाट घेऊन बाहेर आला, ओट्यासमोर अंगणात मांडला आणि त्यावर मांडी घालून बसला. खिशातला रुमाल काढून डोक्यावर ठेवला.

‘‘काकी, ताट आन.’’

काकींनी त्याच्याकडे बघितलं नाही. ‘‘मी आता ओवाळत न्हाय.’’

‘‘बरं,’’ तो म्हणाला आणि बसून राहिला.

शकूने वजनकाटा बाजूला ठेवला. देवळाकडे चाललेल्या बायका एक एक करून थांबायला लागल्या. इतक्या लोकांत तो चाळिशीचा उमेदवार गडी डोक्यावर रुमाल ठेवून पाटावर बसला होता आणि काकी तोंड फिरवून बसल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, ‘‘ऊठ आता विश्वजीत, लोक बघत्यात.’’ तो हलला नाही. काकींची बोटं पदराचं टोक पिळत होती. मला दिसत होतं, त्यांना उठायचं होतं. पण भावकीतल्या सगळ्या बायका समोर होत्या, आणि त्या बायकांसमोर स्वतःच्या हाताने ताट उचलणं त्यांना आता जमणार नव्हतं.

गर्दीतून बायडाबाई पुढे आली. आता तिचा कमरेत बाक आलाय. तिच्या हातात वाणाचं सुगड होतं. ती विश्वजीतकडे बघत राहिली. त्या दिवाळीच्या पहाटे त्याचा कान धरणारी तीच. तिने सुगड शकूच्या टोपलीजवळ ठेवलं आणि काकींकडे वळून, कुणावर तरी चिडल्यासारखी म्हणाली, ‘‘माले, ताट आन. पोर गारठलं.’’

काकी उठल्या.

ताट तेच आणलं. वात नवी घातली, कुंकू नवं घेतलं, अक्षता मात्र त्याच होत्या. काकींनी त्याला टिळा लावला, अंगठी-सुपारी ओवाळली आणि निरांजन हातात घेतलं. दिवा एकदा फिरला, दोनदा फिरला. काकी गप्पच.

‘‘बोल की,’’ विश्वजीत खालच्या आवाजात म्हणाला. नियम त्यानेच पुन्हा मोडला. ‘‘त्या दिशी राहिलंय ते बोल. ऐकायला बसलोय.’’

काकींनी दिवा खाली ठेवला.

‘‘बोलायचं त्याच दिशी संपलं हुतं रे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पुढं निस्त्या अक्षताच राहिल्या हुत्या. तू थांबला न्हाईस.’’

त्याची मान खाली गेली. काकींनी डोक्यावर टाकलेल्या अक्षता घरंगळून त्याच्या मांडीवर पडायला लागल्या. मग त्यांनी त्याची हनुवटी धरून मान वर केली, मांडीवरच्या अक्षता एक एक वेचल्या आणि पुन्हा त्याच्या डोक्यावर ठेवल्या. साखर नव्हती, म्हणून मी दिलेला तिळगूळ त्यांनी त्याच्या तोंडात घातला.

त्यानंतर त्या तिथेच उभ्या राहिल्या, आणि त्या ‘ऊठ’ म्हणेपर्यंत तो पाटावरून उठला नाही.